घरातील यंत्रे : वैशाखात बंद पडणारा संगणक

इंदूरहून एका वाचक भगिनींनी चार पानी पत्र धाडले आहे. त्यांच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या चिरंजीवांनी गतवर्षी दिवाळीच्या सुटीत सुटे भाग आणून घरीच संगणक जुळविला आणि त्याच्या प्रोसेसरचा वेग कारखान्याने नेमून दिलेल्या ४ गिगाहर्ट्झवरून ४.६ गिगाहर्ट्झवर नेला. थंडीभर यंत्र उत्तम चालले. अक्षय तृतीयेच्या सुमारास मात्र त्याने त्रास द्यावयास सुरुवात केली. कधी निळा पडदा येतो, कधी यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, तर कधी दोन-दोन दिवस काहीच होत नाही. एका दुकानदाराने रॅम बदलून दिली, दुसऱ्याने एसएमपीएस बदलावयास लावला. पैसे गेले, दोष राहिला. आता घरात दोन पक्ष पडले आहेत. मुलगा म्हणतो उन्हाळ्याचा दोष, वडील म्हणतात मुलाचा. ‘आपण निवाडा करावा, आणि पाण्याचा कूलर घ्यावा की नाही तेही सांगावे,’ असे त्या लिहितात. पत्राच्या अखेरीस, जाता जाता, एक वाक्य आहे : याच संगणकात मामंजींनी दोन वर्षे खपून केलेली घरातील मोडी कागदांची छायाचित्रे आणि कुलवृत्तान्ताचा मजकूर आहे, आणि त्यांपैकी दोन छायाचित्रांचा खालचा अर्धा भाग हल्ली नुसता करडा दिसतो.

आम्हांस अस्वस्थ केले ते या अखेरच्या वाक्याने. यंत्र बंद पडणे हा उपद्रव आहे, पण तो प्रामाणिक उपद्रव आहे. आपण बिघडलो आहोत असे ते मोठ्याने सांगते. अर्धे करडे झालेले छायाचित्र निराळी गोष्ट सांगते. यंत्र चालू होते, पडद्यावर सर्व आलबेल दिसत होते, आणि तरीही कोठेतरी काही आकडे चुकीचे लिहिले गेले, असा संशय त्यावरून घ्यावा लागतो. म्हणून निवाडा करण्यापूर्वी रोग कोणता ते समजून घेऊ.

प्रोसेसर हा ठेक्यावर चालणारा गडी आहे. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात ४०० कोटी ठेके. प्रत्येक ठेक्यात विद्युत्-संकेताने एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकास पोचावे आणि पुढचा ठेका पडण्यापूर्वी स्थिर व्हावे, अशी रचना असते. गायनाच्या बैठकीची उपमा देता येईल. लय वाढविली की तबलजीला प्रत्येक बोल कमी वेळात पुरा करावा लागतो. हातात जोर असेल तोवर बोल स्पष्ट येतात, पुढे एखादा बोल गळू लागतो. प्रोसेसरच्या हातातला जोर म्हणजे त्याला मिळणारा विद्युद्दाब, व्होल्टेज. वेग वाढवावयाचा तर बहुधा व्होल्टेजही थोडे चढवावे लागते. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आपण वेगवाढ म्हणू.

मुळात वाढवावयास जागा कोठून येते, असा प्रश्न कोणी विचारील. कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या चिपा सारख्या नसतात. त्या तपासून प्रतवारी लावली जाते, आणि प्रत ठरविताना गरम खोली, वापराने येणारे वार्धक्य, दाबातील चढउतार या सर्वांसाठी काही राखीव ठेवलेले असते. कधी कधी ही राखीव पुंजी डोळे दिपविण्याइतकी मोठी निघे. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा नेमलेला वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण मदरबोर्डाची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की साडेचारच्या गुणकाने तो थेट ४५० वर चाले, आणि पुष्कळांच्या घरी तो विनातक्रार चालला. दीडपट वेग, तोही फुकट! या छंदाची कीर्ती अशा प्रोसेसरांमुळे पसरली. ते दिवस आता गेले. अलीकडचे प्रोसेसर तपमान आणि वीज पाहून आपला वेग आपणच वाढवितात, म्हणजे राखीव पुंजीतील मोठा वाटा कारखान्यानेच खर्च केलेला असतो. चिरंजीवांच्या हाती उरली आहे ती तळाची शिल्लक.

आणि ही शिल्लक ऋतुमानाप्रमाणे कमीजास्त होते, हीच या पत्रातील गुरुकिल्ली होय. थोडे गणित करू. प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ४ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टला प्रोसेसर १०० वॅट उष्णता देतो. वेग ४.६ केला म्हणजे १५ टक्के वाढला. त्यासाठी व्होल्टेज १.३५ केले, हे साडेबारा टक्केच वाढले, पण त्याचा वर्ग सव्वापटीहून थोडा जास्त झाला. दोहोंचा गुणाकार केला की १०० चे सुमारे १४५ वॅट होतात. वेग १५ टक्के, उष्णता ४५ टक्के! आता कूलर असा धरू की, दर वॅटमागे प्रोसेसर खोलीपेक्षा ०.४ अंशाने तापतो. मूळ वेगाला तो खोलीहून ४० अंश वर राहील, वाढविलेल्या वेगाला ५८ अंश वर. मार्गशीर्षात खोली २२ अंशांवर असताना हे आकडे ६२ आणि ८० होतील; दोन्ही चालण्यासारखे. वैशाखात माडीवरची खोली दुपारी ४० अंशांवर गेली की तेच आकडे ८० आणि ९८ होतात. मूळ वेगाला अजून श्वास घ्यावयास जागा आहे. वाढविलेला वेग उंबरठ्यावर येऊन ठेपला. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येक यंत्राचे निराळे असतील. पण खोली एका अंशाने तापली की प्रोसेसरही जवळजवळ एका अंशाने तापतो, हा नियम सर्वांना लागू आहे.

येथे चिरंजीव म्हणतील की, तपमान तर अजून शंभराला गेलेले नाही. खरे आहे. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की आपण होऊन वेग उतरवितात, आणि त्यापुढेही तापले तर स्वतःस बंद करून घेतात. नुसत्या उष्णतेने प्रोसेसर जळाला असे सहसा घडत नाही. पण हे संरक्षण चिप वाचविण्यासाठी आहे, हिशेब बरोबर ठेवण्यासाठी नव्हे. तापलेली चिप सामान्यतः मंदावते. जो वेग ७० अंशांना १.३५ व्होल्टवर निभत होता, तो ९० अंशांना त्याच दाबावर निभेलच असे नाही. तबलजीचा हात उकाड्याने सैल पडतो तसे हे आहे. त्यामुळे संरक्षणाची घंटा वाजण्यापूर्वीच बोल गळू लागतात. मुलाने परीक्षा घेतली असणार ती दिवाळीत, आणि बहुधा रात्री. मालव्याच्या रात्रीची थोरवी जगजाहीर आहे. तिच्या गारव्यात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी ज्येष्ठातल्या दुपारीही उत्तीर्ण होईल, असे का धरावे?

बोल गळणे म्हणजे नेमके काय, हे मायक्रोसॉफ्टमधील अनुभवी प्रोग्रामर रेमंड चेन यांनी २००५ साली लिहून ठेवले आहे. कोसळलेल्या संगणकांच्या नोंदी तपासताना त्यांच्या सहकाऱ्यांना काही यंत्रे अशा जागी कोसळलेली दिसली की, जेथे कोसळणे शक्यच नव्हते. एक खण शून्य करावा एवढीच ती सूचना होती. चौकशी करता ती यंत्रे वेग वाढविलेली निघाली, आणि कित्येक मालकांस याची गंधवार्ताही नव्हती, कारण वेग विकणाऱ्यानेच वाढविला होता. पुढे २०११ साली त्याच कंपनीतील संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी अभ्यासून निबंध प्रसिद्ध केला. वेग वाढविलेली यंत्रे कित्येक पटींनी अधिक कोसळतात, असाच त्याचाही निष्कर्ष होता. शून्य करावयाच्या सूचनेत जो चुकू शकतो, तो फाईल लिहिताना चुकणार नाही याची हमी कोण देणार?

आता उपाय. आम्ही या भगिनींस आणि विशेषतः त्यांच्या चिरंजीवांस आग्रहाने सांगू की, क्रम मोडू नये.

पहिली गोष्ट, बायोसमध्ये जाऊन सर्व मूल्ये मूळ स्थितीस आणावी. घाबरलेला माणूस प्रथम फायलींची नक्कल करावयास धावतो. ते येथे घातक आहे. ज्या यंत्राच्या आकडेमोडीवर भरवसा उरलेला नाही, त्याच्याच हातून नक्कल करविली तर चुकाही नकलेत उतरतील. यंत्र बायोसपर्यंतही पोचत नसेल तर वीज काढून मदरबोर्डावरील रुपयाएवढी सीआर २०३२ बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी, म्हणजे बायोस आपले मूळ धोरण आठवतो. त्याहून उत्तम म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या धडधाकट संगणकास जोडावी आणि तेथे नक्कल करावी. नक्कल दोन ठिकाणी असावी, आणि मामंजींनी स्वतः बसून छायाचित्रे एकेक उघडून पाहावी. करडी झालेली दोन छायाचित्रे बहुधा परत मिळणार नाहीत. मूळ कागद घरात असतील तर ती पुन्हा काढावी लागतील. मोडी कागद चार पिढ्या टिकले आणि त्यांचे चित्र दोन वर्षांत गेले, याचा खेद वाटतो खरा, पण कागद अजून आहेत हे भाग्य समजावे.

दुसरी गोष्ट, मूळ वेगावर यंत्र चार दिवस, भर दुपारीही, चालवून पाहावे. दोष नाहीसा झाला तर वेगवाढच दोषी. तरीही राहिला तर मात्र वेगवाढीस बोल लावू नये, शोध अन्यत्र करावा. येथे रॅमविषयी एक खुबी सांगितली पाहिजे. रॅम विकताना पाकिटावर जो मोठा आकडा छापतात, तो एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची जुळणी बायोसमध्ये चालू केल्यावर मिळणारा असतो, आणि ही जुळणी हीसुद्धा एक वेगवाढच असते. पुष्कळजण प्रोसेसर मूळ स्थितीस आणतात, ही तशीच ठेवतात, आणि मग मूळ वेगालाही यंत्र कोसळते म्हणून कपाळास हात लावतात. तीही बंद करावी, आणि मेमटेस्ट८६ सारख्या चाचणीने रॅम रात्रभर तपासावी. त्यात एकही चूक निघता कामा नये. एक चूक म्हणजे चालेल, असा हिशेब येथे नाही.

तिसरी गोष्ट, तपमान पाहावे. पण नुसता आकडा न पाहता तो कसा चढतो ते पाहावे. एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत मिळणारा प्रोग्राम सर्व तपमाने दाखवितो. शेजारी भिंतीवरचा साधा तापमापक ठेवून खोलीचे तपमानही वहीत लिहावे. मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकावा. तपमान दोन-चार सेकंदांत ९५ अंशांवर उडी घेत असेल, तर उष्णता प्रोसेसरवरून कूलरपर्यंत पोचतच नाही असे समजावे. दोष त्या दोहोंच्या सांध्यात आहे : थर्मल पेस्ट सुकली असेल, एका बाजूचा स्क्रू सैल असेल, किंवा कूलरच्या तळावरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा काढावयाचाच राहिला असेल. हसू नये, नवख्यांच्या हातून हे नेहमी घडते. याउलट तपमान दहा-वीस मिनिटे सावकाश चढत जाऊन मग उंबरठ्यावर बसत असेल, तर सांधा बरा आहे आणि उष्णता कॅबिनेटबाहेर पडत नाही. तेव्हा पत्र्यांच्या फटींत धूळ साचली आहे काय, कॅबिनेट भिंतीला टेकले आहे काय, वरती कोणी क्रोशाचे आच्छादन घातले आहे काय, हे पाहावे. कॅबिनेटची बाजूची झडप काढून ठेवताच तपमान पाच-सात अंशांनी उतरले, तर दोषाचा पत्ता लागला.

पेस्टविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तीबाबत गैरसमज फार. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही घासले तरी त्यांत सूक्ष्म खळगे राहतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची मोठी वैरीण. तेवढे खळगे भरणे हेच पेस्टचे काम. पण तांब्याच्या तुलनेत पेस्टही उष्णता फार कमी वाहून नेते, म्हणून पोळीला तूप लावल्यासारखी ती थापू नये. मटाराच्या दाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवावा आणि कूलर दाबून बसवावा. स्क्रू कर्णाच्या दिशेने, आळीपाळीने, थोडे-थोडे पिळावे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडक्याने पूर्ण पुसावी. तीवरच नवी लावू नये.

तपमान आटोक्यात असूनही यंत्र कोसळत असेल तर उष्णतेचा पक्ष सुटला, आणि व्होल्टेज अपुरे पडत असल्याचा संशय येतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाने नोंदी होतात, त्या अवश्य वाचाव्या. १८ क्रमांकाची नोंद प्राणघातक चुकीची, १९ क्रमांकाची आपोआप दुरुस्त झालेल्या चुकीची. ही दुसरी फार मोलाची, कारण यंत्र कोसळण्याच्या कितीतरी आधी ती दिसू लागते. पूर्ण भाराखाली कोसळणे आणि रिकामे बसले असता कोसळणे यांतही भेद आहे. भाराखाली मदरबोर्डाचा दाब किंचित खचतो, त्यामुळे अपुरे व्होल्टेज तेथे उघडे पडते. पण व्होल्टेज कमी करण्याच्या खटाटोपात ते फार खाली नेले असेल, तर यंत्र हलक्या कामात, एकटाच कोअर उच्च वेगाने उसळी घेतो तेव्हा, बंद पडते. आपले यंत्र ‘कधी दोन-दोन दिवस काहीच होत नाही’ अशा स्वभावाचे आहे. म्हणून ते नेमके काय चालू असताना बंद पडले, हे वार आणि वेळ यांसह लिहून ठेवावे. आठ दिवसांची अशी वही दुकानदाराच्या दहा तर्कांहून अधिक सांगेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅम, एसएमपीएस आणि व्होल्टेज एकाच दुपारी बदलले की रोग गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि परत आला की पुन्हा सगळे पैसे.

चाचणीसाठी प्राइम ९५ हा प्रोग्राम जगभर वापरतात. त्याची मौज अशी की, तो मुळात प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी जन्मला. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली ही शोधमोहीम सुरू केली. त्याच्या चाचणीत अशी गणिते असतात की ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत. प्रोसेसरचे उत्तर त्यांच्याशी पडताळले जाते आणि तफावत दिसताच चाचणी थांबते. म्हणजे यंत्र न कोसळताही चूक पकडली जाते, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके हेच. मात्र ही चाचणी दहा मिनिटे चालवून समाधान मानू नये. आणि आमचा आग्रह असा की, ती वैशाखातल्या दुपारी दोन वाजता, घरच्या नेहमीच्या खोलीत घ्यावी.

एक सावधगिरी. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर वेगवाढ न करताही अस्थिर होतात, असे २०२४ साली उघड झाले. आपली अंतर्गत आज्ञावली चिपेस गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागावयास लावीत होती, हे कंपनीने मान्य केले, बायोसमधून बसवावयाची दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. ही दुरुस्ती पुढील हानी रोखते. आधीच बिघडलेली चिप तिने बरी होत नाही. चिरंजीवांचा प्रोसेसर त्या पिढीतील असेल, तर प्रथम बायोस अद्ययावत करावा आणि दोष टिकल्यास हमीचा कागद शोधावा.

निवाडा मागितला आहे, तो असा. उन्हाळाही दोषी नाही आणि मुलगाही सर्वस्वी नाही. हातांनी यंत्र जुळविणारा, त्याचा वेग मोजणारा मुलगा घरात असणे आम्हांस फार चांगले वाटते. या छंदात जी पदार्थविज्ञानाची गोडी लागते ती पुस्तकाने लागत नाही. पण त्याला मिळाले काय, तेही त्याने मोजावे. साठ मिनिटे लागणारे व्हिडिओचे काम पंधरा टक्के वेगवाढीने फार तर बावन्न मिनिटांत होईल. आठ मिनिटांसाठी आजोबांचा कुलवृत्तान्त पणास लावणे आम्हांस मान्य नाही. छंदाचे यंत्र आणि घरच्या दप्तराचे यंत्र निराळे असावे. दप्तरासाठी जुना, मंद, पण मूळ वेगावर चालणारा संगणक पुरेसा आहे. दुसरे यंत्र शक्य नसेल तर चैत्र ते ज्येष्ठ मूळ वेग ठेवावा. किंबहुना विजेची मर्यादा कारखान्याच्या आकड्याहूनही थोडी खाली आणून पाहावी. वेग थोडाच कमी होतो, उष्णता मात्र पुष्कळ उतरते.

राहिला पाण्याचा कूलर. (येथे खसच्या कूलरशी घोटाळा नको. तो खोली गार करतो आणि म्हणून संगणकासही उपकारक आहे. फक्त त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये.) पाण्याच्या कूलरमध्ये पंप प्रोसेसरवरील उष्णता नळ्यांतून रेडिएटरपर्यंत नेतो आणि तेथे पंखे ती हवेत सोडतात. म्हणजे शेवटी उष्णता जाते ती त्याच चाळीस अंशांच्या खोलीत, आणि खोलीपेक्षा गार तो कधीच करू शकत नाही. पाणी तापावयास वेळ लागतो, म्हणून पहिली काही मिनिटे आकडे फार सुरेख दिसतात. त्यांवर भुलू नये, अर्ध्या तासाने पाहावे. पंप हा फिरणारा भाग, केव्हातरी झिजणारच. तो थांबला तर तपमान क्षणात चढते. आमच्या मते आपल्या घरास मोठ्या पत्र्यांचा, दोन पंख्यांचा साधा हवेचा कूलर पुरेसा आहे. त्याचा पंखा बिघडला तर कोणत्याही दुकानात दुसरा मिळतो. तरीही पाण्याचाच घ्यावयाचा असेल, तर पंप हा त्या सबंध फेऱ्यातील सर्वांत उंच भाग होणार नाही अशा रीतीने रेडिएटर बसवावा, नाहीतर हवेचे बुडबुडे पंपातच जमतात आणि गुडगुड आवाज येऊ लागतो. आणि पंपाची वायर मदरबोर्डावर पंपासाठी राखलेल्या जागीच, पूर्ण वेगाने चालेल अशी जोडली आहे ना, हे बसविणाऱ्याच्या शेजारी उभे राहून पाहून घ्यावे.